परमुलखाचा खेळ आणि वीस अक्षरें

चेंडू कोणत्याहि देशांत टाकला तरी सारखाच उसळतो. बुद्धिबळाचा घोडा पुण्यांत अडीच घरें चालतो आणि मॉस्कोंतहि तितकींच चालतो. पत्त्यांतील राजाला सीमेवर कोणी परवाना विचारीत नाहीं. खेळ ही सर्व मनुष्यजातीची सामाईक ठेव आहे असें आपण म्हणतों, तें अशा खेळांच्या बाबतींत अगदीं खरें आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांत खेळांची एक नवी जात जगांत आली आणि तिच्याबरोबर खेळाचा मुलूख ही एक नवी गोष्टहि आली. टीव्हीला जोडून खेळावयाच्या जुन्या व्हिडिओ गेमची कॅसेट एका देशांत विकत घेऊन दुसऱ्या देशांतील यंत्रांत घातली, तर ती चालेलच असें नाहीं. जपानची कॅसेट अमेरिकेच्या यंत्रांत बसत नाहीं. अमेरिकेची युरोपच्या यंत्रांत बसली तरी चालत नाहीं. अशा एका परमुलखाच्या खेळाशीं आमचा जो परिचय घडला, त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हे मुलूख कसे पडले तें आधीं सांगितलें पाहिजे. जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें 'फॅमिली कॉम्प्युटर' नांवाचें यंत्र १५ जुलै १९८३ रोजीं विक्रीस काढलें. तेंच पुढें 'फॅमिकॉम' ह्या आंखूड नांवानें प्रसिद्धीस आलें. १९८५ सालीं हें यंत्र अमेरिकेंत गेलें, तेव्हां त्याचें नांव बदललें, पोशाख बदलला आणि कॅसेटचें तोंडहि बदललें. फॅमिकॉमच्या कॅसेटला धातूचे ६० दांते असतात, तर अमेरिकन कॅसेटला ७२. शिवाय अमेरिकेच्या यंत्रांत एक लहानशी चिप बसविलेली होती आणि तिची जोडीदारीण प्रत्येक कॅसेटमध्यें होती. यंत्र सुरू होतांच ह्या दोघी ठरलेल्या संकेतांत एकमेकींशीं बोलूं लागत. संकेत जुळला तर खेळ चाले. न जुळला तर यंत्र पुनःपुन्हां पहिल्यापासून सुरू होई आणि पडदा नुसता लुकलुकत राही. १९८३ च्या सुमारास अमेरिकेंत व्हिडिओ गेमचा धंदा बुडाला होता. वाटेल त्यानें वाटेल तसे खेळ करून पुन्हां बाजार भरूं नये, म्हणून हें कुलूप घातलें होतें. पुढें युरोपासाठीं त्याच कुलुपाचे निराळे प्रकार केले गेले. आणि बिनपरवान्याच्या खेळांसाठीं केलेलें कुलूप परदेशच्या खेळांनाहि लागूं झालें.

१९९० सालीं जपानांत आलेल्या 'सुपर फॅमिकॉम' ह्या यंत्राची गोष्ट तर मौजेची आहे. त्याच्या जपानी व अमेरिकन चिपा एकमेकींस ओळखीत असत. परंतु अमेरिकन यंत्राच्या खांचेंत प्लॅस्टिकचे दोन लहान खुंट ठेविलेले होते. त्यांना सामावून घेणाऱ्या फटी अमेरिकन कॅसेटच्या पाठीस असत. जपानी कॅसेटला नसत. दोन देशांच्या मधली सीमा काय, तर नखाएवढे दोन खुंट! ज्यांनीं ते काढून टाकले, त्यांचीं यंत्रें जपानी खेळ बिनतक्रार खेळूं लागलीं.

दुसरी अडचण टीव्हीच्या पद्धतीची. जपान व अमेरिका येथील जुना टीव्ही दर सेकंदास सुमारें ६० वेळां पडदा रंगवी. युरोपांत आणि आपल्याकडे हा आंकडा ५० होता. १९८२ सालीं दूरदर्शनचें रंगीत प्रक्षेपण सुरू झालें, तें 'पाल' नांवाच्या ह्या ५० च्या पद्धतीनेंच. जुन्या खेळांत काळ मोजण्याचें घड्याळ म्हणजे हीं चित्रेंच होत. एका चित्रास नायक किती सरकेल, असा हिशेब खेळांत लिहिलेला असे. त्यामुळें ६० साठीं लिहिलेला खेळ तसाच ५० वर चालविला कीं त्यांतील सारें जग एक षष्ठांशानें मंद होतें. जपानी मुलाचा एक तासाचा खेळ आमच्या घरीं ७२ मिनिटांचा होई. शत्रूहि संथ, वीरहि संथ आणि संगीतहि संथ. पुढें तेंच संगीत मूळ लयींत ऐकलें, तेव्हां वाजविणाऱ्यांस कोठें जाण्याची घाई आहे कीं काय असें आम्हांस वाटलें.

आमच्या घरचें यंत्र मामांच्या लहानपणचें आहे. १९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत असें एखादें यंत्र येत असे. तीं बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या आणि मूळ कंपनीच्या अनुमतीवांचून केलेल्या होत्या. तें योग्य होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जें घडलें तें सांगणें भाग आहे. ह्या नकलांचें तोंड जपानी पद्धतीचें, ६० दांत्यांचें होतें. कुलपाची चिप त्यांत नव्हती, कारण मूळ फॅमिकॉममध्येंच ती नव्हती. म्हणून जी जपानी कॅसेट खेळण्यासाठीं अमेरिकन मुलास जोडतोंड शोधावें लागे, ती आमच्या यंत्रांत सरळ बसे. नांवाचीहि गंमत पाहा. अमेरिकन मूल तिला 'कार्ट्रिज' म्हणतें. जपानी मुलें 'कासेत्तो' म्हणतात आणि आपण 'कॅसेट' म्हणतों.

मामा नोकरीनिमित्त जपानांत होते. परत येतांना त्यांनीं जुन्या वस्तूंच्या दुकानांतून 'ड्रॅगन क्वेस्ट' ह्या खेळाची कॅसेट आम्हां दोघां भावंडांसाठीं आणली. हा खेळ २७ मे १९८६ रोजीं जपानांत प्रसिद्ध झाला. कथा व रचना युजी होरी यांची, चित्रें अकिरा तोरियामा (१९५५–२०२४) यांचीं आणि संगीत कोइची सुगियामा (१९३१–२०२१) यांचें. 'ड्रॅगन बॉल'मुळें तोरियामांचें नांव आमच्या बरोबरीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच. प्रकाशाचा गोळा एका दुष्टानें हिरावून नेला आहे, राजकन्या बंदींत आहे, आणि एका एकट्या वीरास हें सर्व निस्तरावयाचें आहे, असें कथानक आहे.

कॅसेट बसली, चित्र दिसलें, संगीतहि सुरू झालें. कुलूप कोठेंच नव्हतें. तरीहि आम्ही पहिल्याच दालनांत अडकून पडलों. राजा सिंहासनावर बसलेला, समोर तीन पेटारे, पलीकडे एक बंद दार आणि दाराबाहेर जिना. बटण दाबलें कीं आठ शब्दांची यादी उघडे आणि ती सारी जपानी. पेटाऱ्यांतील वस्तु घ्यावयाची तर 'तोरु', म्हणजे घेणें, हा शब्द निवडावा लागतो. दारासाठीं 'तोबिरा' आणि जिन्यासाठीं 'काइदान'. नुसतें जिन्यावर उभें राहून भागत नाहीं. उतरावयाचें आहे असें सांगावें लागतें. कोणाशीं बोलावयाचें तर 'हानासु' म्हणून वर दिशाहि सांगावयाची: 'किता' म्हणजे उत्तर, 'मिनामि' दक्षिण, 'हिगाशि' पूर्व, 'निशि' पश्चिम. आठ शब्द आणि चार दिशा. एवढी शिदोरी बांधल्यावांचून त्या दालनांतून सन्मानानें बाहेर पडतां येत नाहीं. १९८९ सालीं हा खेळ इंग्रजींत होऊन अमेरिकेंत गेला, तेव्हां बोलण्याची दिशा सांगण्याची रीत काढून टाकण्यांत आली.

खरी कसोटी पुढेंच होती. ह्या जपानी कॅसेटमध्यें खेळ राखून ठेवण्याची बॅटरी नाहीं. यंत्र बंद केलें कीं तें सर्व विसरतें. म्हणून खेळ थांबविण्यापूर्वीं राजाकडे जावें लागतें, आणि राजा वीस अक्षरांचा एक मंत्र सांगतो. त्याचें नांव 'फुक्कात्सु नो जुमोन', म्हणजे पुनरुज्जीवनाचा मंत्र. दुसऱ्या दिवशीं तीं वीस अक्षरें जशींच्या तशीं भरलीं, तर वीर आपलें नांव, अनुभव, धन आणि सामान यांसह पुन्हां उभा राहतो. एक अक्षर चुकलें तर मंत्र खोटा ठरतो आणि सबंध दिवसाची कमाई व्यर्थ जाते.

ह्या मंत्राचें गणित आमच्या वरच्या वर्गांतील मित्रांस आवडेल. त्यांत ६४ निरनिराळीं अक्षरें येऊं शकतात. ६४ म्हणजे दोहोंचा सहावा घात. म्हणून प्रत्येक अक्षर सहा 'होय-नाहीं' इतकी माहिती वाहून नेतें आणि वीस अक्षरें १२०. तेवढ्यांत वीराचें चार अक्षरी नांव, त्याचा अनुभव, मोहरा आणि सामान हें सर्व बसवून, शिवाय अक्षर चुकलें तर ओळखतां यावें म्हणून पडताळ्याचा एक आंकडाहि ठेविलेला आहे. सबंध खेळ अवघ्या ६४ किलोबाइटांचा आहे. आज फोननें काढलेला एक फोटोहि ह्याहून कित्येक पटींनीं मोठा असतो. जागा वांचविण्यासाठीं परकीय शब्द लिहिण्याच्या 'काताकाना' लिपींतील सुमारें वीसच अक्षरें खेळांत घेतलेलीं होतीं, आणि राक्षसांचीं नांवें त्या अक्षरांत बसतील अशींच ठेविलीं होतीं. मंत्राच्या ओळी पांच, सात, पांच आणि तीन अक्षरांच्या आहेत. त्यांतील पहिल्या तीन म्हणजे हायकूचेंच माप. सतराव्या शतकांतील कवि मात्सुओ बाशो याचें बेडकावरील विख्यात हायकू भरून पुढें ठराविक तीन अक्षरें जोडलीं, तर हा खेळ तें खरा मंत्र म्हणून स्वीकारतो, असा शोध जपानी खेळाडूंनीं लावलेला आहे.

कोणी म्हणेल, मंत्राचा फोननें फोटो काढला कीं काम झालें. फोटो काढतां येतो हें खरें. पण दुसऱ्या दिवशीं तीं अक्षरें तक्त्यांतून एकएक शोधून भरावीं लागतात, आणि शोधावयाचीं तर तीं ओळखावीं लागतात. तेव्हां आम्हीं मामांकडून तो तक्ता समजून घेण्याचें ठरविलें. त्यांनीं पहिली ओळ वाचली: अ, इ, उ, ए, ओ. दुसरी वाचली: क, कि, कु, के, को. आम्ही दोघें एकमेकांकडे पाहूं लागलों. ही तर आपली बाराखडी! पुढील ओळी स, त, न, ह, म, य, र, व ह्या क्रमानें आल्या. आपल्या वर्णमालेंत क-वर्ग, मग च-वर्ग, मग ट-वर्ग, मग त-वर्ग, न, प-वर्ग, म, आणि पुढें य, र, ल, व. 'च'च्या जागीं 'स', 'प'च्या जागीं 'ह', आणि ट-वर्ग व 'ल' गाळलेले, असे भेद सोडले, तर वाट तीच.

हें साम्य योगायोगाचें नाहीं. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र चीनमार्गें जपानांत गेले, आणि ते लिहिण्याची सिद्धम् लिपि तेथील भिक्षु शिकूं लागले. कूकाइ नांवाचा भिक्षु ८०६ सालीं चीनहून परतला, तेव्हां त्यानें सिद्धम् लिपींतील ग्रंथ बरोबर आणले होते. सिद्धम् आणि देवनागरी ह्या दोन्ही ब्राह्मीच्याच वंशांतील. संस्कृत वर्णांची शास्त्रशुद्ध मांडणी पाहून जपानी पंडितांनीं आपलींहि अक्षरें तशीं लाविलीं, आणि हा क्रम अकराव्या शतकापासून त्यांच्या ग्रंथांत आढळतो. जें घर आम्ही परक्याचें समजत होतों, त्याच्या उंबरठ्यावर आमच्या पणजोबांच्या पावलांचे ठसे निघावे, तसें आम्हांस त्या दिवशीं झालें.

मग आम्हीं एक वही केली आणि मंत्र देवनागरींत लिहूं लागलों. रोमन लिपींत एकेका अक्षरास दोन-तीन वर्ण लागतात. देवनागरींत एकास एक. वीस अक्षरें वहीच्या एका ओळींत बसत. एकच अडचण आली. 'शि'ला आणि 'चि'ला दोन लहान रेघा दिल्या कीं आजच्या जपानींत दोहोंचा उच्चार 'जि' असाच होतो, परंतु तक्त्यांत तीं दोन निराळीं अक्षरें आहेत. तेव्हां उच्चार न लिहितां ओळ लिहावयाची असें ठरलें: स-ओळींतील तो 'जि' आणि त-ओळींतील तो 'दि'. बाराखडीनेंच तो घोटाळा मिटविला.

आमच्या आजीचें मत ह्या खेळास प्रथमपासून प्रतिकूल होतें. ती पूर्वी प्राथमिक शाळेंत शिक्षिका होती, आणि पडद्यापुढें बसलेलें मूल पाहिलें कीं तिच्या कपाळास आठ्या पडत. परंतु मंत्र भरतांना एकानें वाचावयाचा आणि दुसऱ्यानें भरावयाचा, ह्यांत आमचें रोज भांडण होई. तें मिटविण्यासाठीं एके दिवशीं तिनेंच वही हातांत घेतली. तिला जपानी येत नव्हतें, पण वहीवर देवनागरी होती! ती खणखणीत आवाजांत शुद्धलेखन घातल्यासारखीं अक्षरें सांगूं लागली, आणि आम्ही भरूं लागलों. त्या दिवसापासून तें काम तिचेंच झालें.

आठवड्यानें तिनें तक्ता मागून घेतला. दोन रेघांचा नियम तिला समजावून दिला. क-ओळीस रेघा दिल्या कीं ग-ओळ होते, त-ओळीस दिल्या कीं द-ओळ, ह-ओळीस दिल्या कीं ब-ओळ. आजी थबकली. "क चा ग झाला, त चा द झाला, हें बरोबर आहे. पण ह चा ब कसा होईल? ब हा प चा जोडीदार. म्हणजे हा ह पूर्वी प असला पाहिजे," असें ती म्हणाली. आम्हीं तें हंसण्यावारी नेऊं दिलें नाहीं, शोध केला. भाषाशास्त्रज्ञांचें मत अगदीं तेंच आहे: आज ज्या अक्षरांचा उच्चार 'ह' होतो त्यांचा प्राचीन जपानींत 'प' असा होई. 'ह'ला रेघांऐवजीं एक लहान वर्तुळ दिलें कीं आजहि तें 'प' होतें. जपानी भाषेचा एक शब्द न शिकतां, केवळ आपली वर्णमाला नीट ठाऊक असल्यामुळें, आजीनें हजार वर्षांपूर्वींचा उच्चार ताडला होता. त्या दिवशीं आम्हीं खेळ अर्ध्यावर सोडला आणि तक्ताच पुढें घेऊन बसलों. प-वर्ग आम्ही पहिलींत पाठ केला होता; त्याचा अर्थ त्या संध्याकाळीं कळला.

आमच्यासारख्या शाळेच्या अंकांत येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट धर्मगुरु फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांनीं येथील भाषा आत्मसात केली आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचें 'क्रिस्तपुराण' मराठींत रचलें. तें १६१६ सालीं छापून प्रसिद्ध झालें. पुढें मोल्सवर्थ ह्या लष्करी अधिकाऱ्यानें सहकाऱ्यांच्या व येथील पंडितांच्या साह्यानें मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८३१ सालीं मुंबईंत निघाला. ह्या परक्यांस आमची भाषा कोणी ताटांत वाढून दिली नव्हती. त्यांच्या श्रमांपुढें आमचीं वीस अक्षरें म्हणजे समुद्रापुढें ओंजळ. परंतु ओंजळीनेंहि पाण्याची चव कळते. आपल्या अक्षरांवर कोणीं परक्यानें कसे श्रम घेतले असतील, हें परक्यांच्या अक्षरांवर थोडे श्रम घेतल्यावरच आम्हांस उमगलें.

वडील मंडळींस आमची नम्र विनंती इतकीच कीं, मूल काय खेळतें एवढेंच न पाहतां तें कसें खेळतें हेंहि पाहावें. आमच्या घरीं खेळास शनिवारीं व रविवारीं एकेक तास मिळतो, आणि तो पुरतो. वेळ खाणारे खेळ पुष्कळ आहेत हें आम्ही जाणतों. पण जो खेळ वही, कोश आणि आजी ह्या तिघांस आपल्याबरोबर बसवितो, त्याला नुसता कालापव्यय म्हणतां येईल काय?

विद्यार्थिमित्रांस मात्र आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे. आम्हां मराठी मुलांस परमुलखाचा नाहीं असा व्हिडिओ गेम क्वचितच भेटतो. इंग्रजी खेळ आपल्या सरावाचा झाला आहे, म्हणून तो परका वाटत नाहीं, एवढेंच. चिपेचें कुलूप यंत्र जाणणारा काढतो, प्लॅस्टिकचे खुंट पकडीनें निघतात, परंतु भाषेचें दार ज्याचें त्यानेंच उघडावें लागतें. तें उघडण्यास लागणारी पहिली किल्ली आपण पहिल्या इयत्तेंतच मिळविलेली असते. पुढें निघालेल्या अनेक कॅसेटींत खेळ राखण्यासाठीं बॅटरी घातलेली होती. तीस-पस्तीस वर्षांनीं त्या बॅटऱ्या मरूं लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर कोणाकोणाचे राखून ठेविलेले खेळहि पुसले जात आहेत. १९८६ सालीं एखाद्या जपानी मुलानें कागदावर नीट उतरून घेतलेला मंत्र मात्र आजहि ह्या खेळाच्या कोणत्याहि जपानी कॅसेटमध्यें भरला, तर त्याचा वीर उठून उभा राहील.

होरी व त्यांच्या सहकाऱ्यांस ६४ किलोबाइट पुरले. आपल्याजवळ आज त्याहून कितीतरी अधिक साधनें आहेत. आपल्यांतील कोणी विद्यार्थी पुढें एखादा असा खेळ रचील कीं, ज्यांतील राजा मराठी बोलेल आणि दार 'उघड' म्हटल्यावांचून उघडणार नाहीं. तो खेळ कोणी परवासी ओसाकाला घेऊन जाईल. मग तेथील दोन भावंडें आपला तक्ता पुढें घेऊन क, कि, कु, के, को असें म्हणत देवनागरी वाचावयास बसतील. तो दिवस आमच्या शाळेच्या कोणा विद्यार्थ्याच्या हातून उगवो!